झेंडूची सतरावी माळ

मी कुठलीही गोष्ट क्रमाने सांगते, हे तुमच्या आईला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी तिला त्याचा फार त्रास झाला. ईशान, तारा, तुम्ही दूर आहात, त्यामुळे तुम्हाला तेवढा होणार नाही. मागच्या रविवारी तारानं फोनवर विचारलं, “आजी, फोटो काढताना सगळे हसा म्हणतात, तू का म्हणत नाहीस?” त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. त्यात वाघमारे गुरुजी आहेत, उस्मानचाचा आहेत आणि झेंडूच्या सतरा माळा आहेत. म्हणून लिहून पाठवते. आधी घर सांगते, मग माणसं, मग घोटाळा.

आमचं घर म्हणजे एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीतल्या दोन खोल्या. माझे वडील, म्हणजे दादा, तिथे स्टोअरमध्ये कारकून होते. कॉलनीवर दिवसरात्र कोळशाची बारीक राख पडायची. ती दिसायची नाही, पण असायची सगळीकडे. धुतलेल्या चादरीवर, तुळशीच्या पानावर, माझ्या वहीच्या दोन ओळींमध्ये. आई पापड वाळत घालताना वर जुनं पातळ पसरायची, तरी तळलेला पापड दाताखाली करकरायचा. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या घासाला थबकून एकमेकांकडे बघायचे. आम्ही आपले चावत राहायचो. आई म्हणायची, “खा मुकाट्यानं, दातांना धार येते.” मधूनच बॉयलरची वाफ सोडायचे, तेव्हा असा आवाज व्हायचा की बोलणं अर्ध्यावर सोडून सगळे तोंड उघडं ठेवून थांबायचे आणि आवाज संपला की नेमका पुढचा शब्द उच्चारायचे. अजूनही मी कुठे मोठा आवाज झाला की तशीच थांबते. तुमच्या आजोबांना लग्नानंतर पहिले काही महिने वाटलं, मला फिट येते.

भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा, आणि भोंगा झाला की दादा घड्याळ लावत नसत. ते खिडकीतून वाघमारे गुरुजी कुठवर आले ते बघत. गुरुजी दिसले तर भोंगा बरोबर, नाहीतर भोंगा चुकला. गुरुजी त्र्यंबकपलीकडच्या हरसूलच्या शाळेत दादांचे शिक्षक होते. दादांना त्यांनीच पुढे शिकायला नाशिकला आणलं, त्यांचे अर्ज लिहिले, त्यांच्या वतीने स्वतःच मुलगी पाहून आले. निवृत्त झाल्यावर कॉलनीबाहेर एक खोली घेऊन राहिले. लग्न केलेलं नव्हतं, दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे. सहा फूट उंच, बंद गळ्याचा कोट, पाठ अशी ताठ की खुर्चीची पाठ त्यांच्यासाठी वायाच जायची. माझं विमल हे नाव त्यांनी ठेवलं. मला नाशिकला सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत घालायचं त्यांनी ठरवलं. आमच्या मोरीचं दार आत उघडावं की बाहेर, तेही त्यांनीच ठरवलं. ते आत उघडायचं आणि त्यामुळे आत शिरलेल्या माणसाला बाहेर येण्यासाठी आधी बादलीत उभं राहावं लागायचं. तक्रार कुणी केली नाही. घरात कुठलाही प्रश्न निघाला की दादांचं उत्तर एकच: “गुरुजी म्हणतील तसं.”

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, तेव्हा गुरुजी म्हणाले की विमल हरसूलच्या शाळेत शिकवेल. शाळेशी बोलणंही झालं होतं. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. अर्जाला फोटो हवा, म्हणून मी नाशिकरोडला उस्मानचाचांच्या स्टुडिओत गेले. फोटो आला तो माझ्या नाकावर तीन पांढरे ठिपके घेऊन. चाचा म्हणाले, “बेटा, हे तुझं नाक नाय, ही तुमच्या पॉवर हाऊसची राख आहे. निगेटिव्हवर बसते. माझी नजर आता पयल्यासारखी नाय राहिली.” मी म्हटलं, मग पेन्सिल द्या, मी बुजवते. त्यांनी टोक काढलेली पेन्सिल आणि भिंग दिलं. मी तासाभरात माझं नाक दुरुस्त केलं आणि शेजारी पडलेल्या आणखी आठ लोकांची नाकंही. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे जाऊ लागले. दादांना मी सांगितलं की अक्षर सुधारतंय. ते म्हणाले, “दसऱ्यापर्यंत कर काय करायचं ते.”

चाचांची रीत अशी होती की गिऱ्हाईक आल्यावर त्याला आधी स्टुडिओचा कोट घालायचा. कोट एकच होता, काळा. पाठीमागून उभा फाडलेला होता, म्हणजे जाड माणसाला मागे उघडा राहायचा आणि बारक्याला टाचण्या लावून आवळता यायचा. नोटांच्या प्रेसमधले कामगार, शेतकरी, नवरदेव, सगळे त्याच कोटात अमर झाले. नंतर पेन्सिलीने चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती, तीळ, व्रण पुसायचा. गिऱ्हाईक उकडलेल्या अंड्यासारखं दिसू लागलं की चाचा म्हणायचे, “आता बरोबर.” एकदा दोन भाऊ एकमेकांचे फोटो घेऊन गेले आणि आठ दिवसांनी बदलायला आले, तेही त्यांच्या आईने ओळखलं म्हणून, आणि आईलासुद्धा फक्त कानांवरून समजलं. मी पुसायचं काम मन लावून करायची, पण पुसताना वाटायचं की मी जे पुसते आहे तेच तर बघण्यासारखं होतं.

गुरुजींना पेन्शनच्या कागदांसाठी फोटो हवा होता. ते आले ती शुक्रवारची दुपार, आणि चाचा नमाजाला गेलेले. कॅमेऱ्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. पण गुरुजींना “थांबा” म्हणायचीही आमच्या घराण्याला सवय नव्हती. मी कोट पुढे केला. “दुसऱ्याचा कोट घालून मी माझा फोटो काढू?” असं म्हणून ते स्टुलावर बसले आणि मलाच सूचना देऊ लागले: उभी नीट राहा, घाई करू नकोस, घाई न करता लवकर काढ. आमचा कॅमेरा लाकडी, मोठा, मागे काळं कापड. कापडाखाली डोकं घातलं की दुधी काचेवर समोरचा माणूस दिसतो, पण उलटा. डोकं खाली, पाय वर. गुरुजी तसे दिसले. अख्ख्या कुटुंबाचं ठरवणारा माणूस वटवाघळासारखा छपराला लटकून मला शिस्त शिकवत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली नाही. कापडाखालूनच मी विचारलं, “गुरुजी, तुमची आई तुम्हाला कशी हाक मारायची?”

ते बोलता बोलता थांबले. बॉयलरची वाफ सुटल्यावर आम्ही थांबायचो, अगदी तसे. मान जराशी वळली, भुवया सैल झाल्या, जणू मागच्या खोलीतून खरंच कुणी हाक मारली आहे आणि आता ‘ओ’ द्यावी की नाही ते ठरवताहेत. मी फिल्म सरकवली, फोटो टिपणारा रबरी फुगा दाबला. तो चेहरा मधेच निघून जाईल असं वाटत होतं. गेला नाही. हाक काय होती ते त्यांनी सांगितलं नाही. उठले, म्हणाले, “अगोचर प्रश्न आहे,” आणि निघून गेले.

तो फोटो पेन्शन ऑफिसने परत पाठवला. अर्जदार समोर बघत नाही, असा शेरा होता. चाचांनी गुरुजींना पुन्हा बोलावून दुसरा काढला, त्यात ते उकडलेल्या अंड्यासारखे दिसले आणि तो लगेच मंजूर झाला. पहिल्या निगेटिव्हवर मी फक्त राखेचे ठिपके बुजवले, सुरकुती एकही पुसली नाही. चाचांनी तो फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग कुणाला न विचारता मोठा करून, फ्रेम घालून रस्त्यावरच्या काचेच्या शोकेसमध्ये मधोमध लावला. लोक थांबायचे, आत येऊन म्हणायचे, “आमचा असा काढा. हा माणूस जसा ऐकतोय तसा.” गुरुजींना हे काही ठाऊक नव्हतं, ते रस्त्याने जाताना डावी-उजवीकडे बघत नसत. चाचा मला म्हणाले, “विमलबेटा, शाळेत जाऊ नको. हा कॅमेरा तू चालव. मी कोट सांभाळतो.” मला तेच हवं होतं. इतकं हवं होतं की हरसूलची बस दिसली तरी मी तोंड फिरवायची. पण त्यासाठी एका माणसाने ‘हो’ म्हणायला हवं होतं. मी ठरवलं, दसऱ्याच्या दिवशी दुपारी आईच्या हातची खीर खाऊन झाली की गुरुजींना विचारायचं. खिरीनंतर ते नेहमीपेक्षा अर्धा मिनिट सौम्य असत.

आता दसरा. आमच्या घरी त्या दिवशी सकाळी बुद्धवंदना, दुपारी खीर-पुरी. शस्त्रपूजा, अवजारांची पूजा यातलं आम्हाला काही ठाऊक नाही. चाचांच्या घरी तर प्रश्नच नव्हता. पण स्टुडिओ त्यांनी एका सोनारकाकांबरोबर भागीत काढलेला होता. काका मुलाकडे बडोद्याला गेले, तेव्हा जाताना सांगून गेले की दसऱ्याला कॅमेऱ्याला माळ घालत जा. चाचा ते न चुकता पाळत. “मशीनला सवय लागलेली असते,” ते म्हणायचे, “मोडू नये.” त्या वर्षी त्यांनी काम माझ्यावर सोपवलं. मी विचारलं, कशाकशाला घालायची? ते म्हणाले, “ज्याच्यावर आपलं पोट आहे, त्या सगळ्याला.” बौद्ध मुलगी, मुसलमान मालक आणि दसऱ्याची पूजा, चूक दाखवायला तिसरं कुणी नव्हतं.

मी यादी केली. कॅमेरा, त्याचं स्टँड, चार दिवे, काळं कापड, एन्लार्जर, कटर, पेन्सिलींचा डबा, भिंग, स्टूल, मागचा पडदा, आरसा, कंगवा, कोट आणि टाय. सतरा माळा आणल्या. सगळ्यांना घालून झाल्यावर एक उरली. नंतर लक्षात आलं की कोट आणि टाय एकाच खुंटीवर होते, दोघांत एक माळ पुरली. उरलेली माळ हातात घेऊन मी उभी राहिले. तुम्ही मला ओळखता. उरलेली वस्तू मला बघवत नाही. मग ध्यानात आलं की सगळ्यात जास्त गिऱ्हाईक तर शोकेसमधल्या फोटोने आणलंय, आणि तोच यादीत नाही. आमच्या घरी तसबिरीला हार म्हणजे मान, एवढंच माझ्या डोक्यात. मी शोकेस उघडून गुरुजींच्या फोटोला माळ घातली, खाली उदबत्ती लावली, शोकेस सोडून बाकीचं शटर ओढलं आणि बसने घरी गेले. उदबत्ती मी लावायला नको होती, असं आई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची. माळेपर्यंत एकवेळ ठीक होतं.

गुरुजी पाटावर बसले होते, खिरीची दुसरी वाटी संपत आलेली. मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात दारात शेजारचे फिटर उभे, डोळे लाल, हातात हार. मागे चार-पाच बायका, पदर तोंडाला. फिटर दादांच्या गळ्यात पडून म्हणाले, “असं कसं झालं हो? काल संध्याकाळी तर मला ओरडले.” दादा गोंधळले. “कोण?” “गुरुजी!” आतून आवाज आला, “काय आहे?” फिटर म्हणाले, “काही नाही गुरुजी, तुम्ही जेवा,” आणि मग त्यांच्या हातातला हार खाली पडला.

खरं काय ते समजायला अर्धा तास गेला, कारण मधेच बॉयलरची वाफ सुटली. तोवर अंगणात तीसेक माणसं जमली होती, आणि आलेली माणसं अशीच परत कशी पाठवायची म्हणून आई सगळ्यांना खीर वाढत होती. जो तो खीर खाताना गुरुजींकडे चोरून बघत होता. गुरुजी माझ्याकडे बघत होते. “माळ तू घातलीस?” मी म्हटलं, हो. “का?” मी म्हटलं, एक उरली होती. दादांनी डोळे मिटून घेतले. गुरुजी हात धुवायला मोरीत गेले, बादलीत पाय ठेवून बाहेर आले आणि ओल्या पायांनी निघून गेले. खिरीनंतरचं ते अर्धं मिनिट माझ्या वाट्याला आलं नाही. दादा एवढंच म्हणाले, “उद्यापासून स्टुडिओ बंद.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हरसूलहून गुरुजींची थोरली बहीण आली. बायजाआक्का. चार फूट उंची, डोक्यावर गाठोडं, कॉलनीच्या फाटकापासून हंबरडा फोडत. “बारक्या रं, मला मागं ठेवून कसा गेलास रं माझ्या बारक्या!” गुरुजी आमच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेले. त्यांनी पेपर खाली केला. आक्का थांबली, गाठोडं उतरवलं, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि ओट्यावर चढून त्यांच्या मुस्काटात मारली.

“मेलास म्हनं! आन् हितं पेपर वाचतोस व्हय? दोन गाड्या बदलून आले मी. रडून रडून घसा बसला माझा.”

“आक्का, ही चूक माझी नाही.”

“तुझी कधीच नसती! बारा वरसं झाली, बहिणीच्या घरी पाय ठेवला नाय. मेला म्हनून तरी भेटशील म्हटलं, तर त्येबी नाय.”

सहा फूट माणसाला ‘बारक्या’ म्हणतात, हे ऐकून आई पदराआड वळली. दादांना मात्र हसू आलं नाही. गुरुजींना कुणी मारू शकतं, हेच त्यांना पचत नव्हतं. मी त्या क्षणी गुरुजींचा चेहरा पाहिला. तो माझ्या फोटोतला चेहरा होता. गालावर बोटं उमटलेली, एवढाच फरक.

आक्काने पाणी पिऊन दुसरी बातमी दिली. हरसूलला बाजाराच्या दिवशी शोकसभा ठरली होती. गुरुजींचा जुना विद्यार्थी पोपट, ज्याचं तिथे कापडाचं दुकान होतं, त्याने दसऱ्याच्या सकाळी बसमधून शोकेस पाहिली आणि गावात जाऊन सगळी व्यवस्था केली. गुरुजींनी दादांना तार करायला लावली: मी जिवंत आहे, सभा रद्द करा. तारेचं उत्तर म्हणून पोपट स्वतःच आला. पाया पडला, आनंदाने रडला, आणि मग हात जोडून म्हणाला, “गुरुजी, पण लाऊडस्पीकर सांगून ठेवलाय. तालुक्याहून सायेब यायचेत. पन्नास गावांत सांगणं झालंय. सभा आता नाय मोडत. तुमी आले तर लय बरं होईल. आन् त्यो फोटो तेवढा लागंल.”

मला वाटलं, गुरुजी त्याला हाकलून देतील. ते म्हणाले, “सभा किती वाजता?” दिलेली वेळ पाळायची असते, हे त्यांचं तत्त्व मरणालाही लागू होतं.

अशा रीतीने आम्ही हरसूलला गेलो: गुरुजी, आक्का, दादा आणि फोटो धरायला मी. चाचांनी फोटो देताना माळ तशीच ठेवली, म्हणाले, “तिकडे लागेलच.” बाजाराच्या कडेला, नागलीच्या आणि सुकटीच्या ढिगांपलीकडे मांडव होता. टेबलावर फोटो, आणि त्याच्या शेजारी, दुसरी जागाच नव्हती म्हणून, खुर्चीत गुरुजी. तालुक्याचे साहेब आधी फोटोला नमस्कार करून वळले, तर पुढे तोच माणूस. त्यांनी त्यालाही नमस्कार केला आणि भाषण लिहून आणलेलं होतं म्हणून जसंच्या तसं वाचलं. “गुरुजी आज आपल्यात नाहीत,” ते म्हणाले. गुरुजींनी मान डोलावली. “ही पोकळी कधीही भरून निघणार नाही.” सगळे गुरुजींच्या खुर्चीकडे बघू लागले. दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. गुरुजीही उठून उभे राहिले, आणि लोक हलायला लागताच घड्याळ बघून म्हणाले, “अजून वीस सेकंद आहेत.”

मग एक म्हातारा माइकजवळ आला. बाजारात मिरच्या विकणारा, गुरुजींच्या पहिल्या वर्गातला. खुर्चीकडे त्याने पाहिलंच नाही. तो फोटोशी बोलू लागला. “गुरुजी, तुमी मला पाटी फोडली म्हनून मारलं व्हतं. मी नव्हती फोडली. सांगायचं लय मनात व्हतं. तुमी आयकून घ्यायचे नाय. आता आयकताय असं वाटतंय, म्हनून सांगतो.” खुर्चीतून गुरुजी हळूच म्हणाले, “मग फोडली कुणी?” म्हातारा दचकला. पोपट माइकशेजारच्या खांबाला धरून उभा होता. तो म्हणाला, “मी, गुरुजी.” आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्या बाजाराने ऐकलं.

त्यानंतर माणसं रांगेने आली. कुणी पेरू चोरल्याचं सांगितलं, कुणी गुरुजींनी रात्रीची शिकवणी घेतली म्हणून आपण माणसांत आलो ते सांगितलं, कुणी नुसतंच उभं राहून गेलं. सगळे फोटोशी बोलत होते. शेवटी गुरुजी उठले, खुर्ची फिरवली आणि फोटोसमोर बसले. आपला तो फोटो ते पहिल्यांदाच नीट बघत होते. मग मला जवळ बोलावलं.

“यात मी कुणाचं तरी ऐकतोय,” ते म्हणाले.

“हो, गुरुजी.”

“मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. तू हे कुठून आणलंस?”

“तुमच्याच चेहऱ्यावर होतं. मी फक्त विचारलं आणि गप्प बसले.”

ते दादांकडे वळले. “हिला शाळेत लावू नकोस. ही मुलांना प्रश्न विचारून गप्प बसेल, आणि मुलं उत्तरं देतील. शाळा बंद पडेल.” दादा नेहमीचं वाक्य म्हणायला गेले, “गुरुजी म्हणतील—” गुरुजी म्हणाले, “मी म्हणत नाही. तिला विचार.” दादांनी मला विचारलं. आमच्या घरात कुणी कुणाला विचारण्याची ती पहिली वेळ. दोघांनाही नीट जमलं नाही. पण मी उत्तर दिलं.

परतीच्या बसला गर्दी होती. माळ घातलेला फोटो मांडीवर घेता यावा म्हणून लोकांनी उठून दादांना जागा दिली, मला दिली, आक्का नाशिकला भावाकडे राहायला येत होती तिलाही दिली. गुरुजी त्र्यंबकपर्यंत दांडी धरून उभे. एकाने फोटोकडे बघून हळहळत त्यांनाच विचारलं, “कधी गेले?” गुरुजी म्हणाले, “दसऱ्याला.” “काय माणूस दिसतोय हो.” “हट्टी होता,” गुरुजी म्हणाले.

फोटो शोकेसमध्ये परत लावताना मी माळ काढू लागले, तर त्यांनी हात धरला. “राहू दे. माळ असली की माणसं खरं बोलतात.” तेव्हापासून दर दसऱ्याला मी नवी माळ घालायची आणि गुरुजी रस्त्याच्या पलीकडून ती सरळ आहे का ते बघून जायचे. स्टुडिओ पुढे माझ्याकडे आला. काळा कोट मी बाद केला, पेन्सिल फक्त राखेपुरती ठेवली. किती माणसं त्या स्टुलावर बसली असतील, मोजली नाहीत; मी मोजली नाही अशी ती एकच गोष्ट. कुणालाही मी ‘हसा’ म्हटलं नाही. कापडाखाली शिरून तोच एक प्रश्न विचारला. तारा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पुढचं थोडं माझ्यासाठी लिहिते.

नाशिकरोडला ती माळ सवयीची झाली. प्रेसला जाणारे कामगार, भाजीवाल्या, शाळेची मुलं, सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरगावचा कुणी हळहळला तर पानवाला सांगायचा, “अहो, माळ आहे ना गळ्यात? मग बरे आहेत.” दहाएक वर्षं हे चाललं. मग एका सकाळी, दसऱ्याला बराच अवकाश होता, दादा स्टुडिओच्या पायरीवर येऊन उभे राहिले. भोंगा झाला होता आणि खिडकीतून गुरुजी दिसले नव्हते, एवढंच त्यांनी सांगितलं. आक्का गुरुजींच्या उशाशी बसून होती म्हणे, हाका मारत.

मी आत जाऊन पाणी प्यायले. शोकेस उघडली. आता लोकांना कसं कळवायचं, असा प्रश्न होता. फोटोला हार तर होताच. म्हणून मी तो काढला. वाळलेली ती माळ कागदात गुंडाळून ठेवली, काच पुसली आणि पायरीवर बसून राहिले. रस्ता चालू होता. काही माणसं निघून गेली. मग आमची नेहमीची भाजीवाली डोक्यावर टोपली घेऊन शोकेससमोर आली, सवयीने वर बघितलं आणि उभी राहिली. दोन्ही हातांनी टोपली उतरवून खाली ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाली, “कधी गेले, बाई?”